दोन तालुक्यांचं घर

"खुर्च्या आपल्या, टेबल आपलं, दूध आपलं, पंखाही आपलाच. मग त्यांचं काय? त्यांची नुसती ऐट!"

भिंतीपलीकडे थोरली जाऊ पुटपुटत होती. पुटपुटणं आपलं तिच्या मते. पिठाच्या गिरणीच्या घरघराटात अर्धं आयुष्य काढलेल्या बाईचं पुटपुटणं चार घरं पलीकडे स्वच्छ ऐकू जातं. त्यात भिंतीला भोक होतं. भोकातून एक जाड काळी वायर गेलेली, आणि वायरीच्या कडेनं जी बोटभर फट उरली होती तिच्यातून जावेचं बोलणं यायचं. धाकटी नेमकी त्या भोकाशी स्टूल टाकून कपबश्या पुसत बसली होती. स्टूल दुसरीकडे टाकता आलं असतं. भिंत झाल्याला नऊ वर्षं झाली, धाकटीनं ते कधी हलवलं नव्हतं.

"मी मांजराशी बोलतेय," पलीकडून खुलासा आला. "नाहीतर कुणाला वाटायचं, आपल्याशीच बोलतेय."

धाकटीनं किटली उचलून कानाशी धरली, जणू तिलाच काही सांगायचं होतं. "किटलीबाई, त्या मांजराला कुणीतरी सांगा, कपबश्या कुणाकडून आल्यात. का मॅडमना ओंजळीतून चहा पाजणार आहेत?"

पलीकडे एक भांडं आपटल्याचा आवाज झाला.

"मांजरा, कपबश्या बऱ्या आहेत म्हणावं. दोनांचे कान तुटलेत तेवढं बघा."

धाकटीनं पाहिलं. दोनांचे कान तुटलेलेच होते. तिनं ते कप गुपचूप मागे सारले. जावेला भिंतीतून कसं दिसतं, हे कोडं तिला आजवर सुटलेलं नव्हतं.

आज सुनावणी होती. ऑफिसात नाही, गावात, आणि गावातही नेमकी यांच्या अंगणात. कारण भांडणाचं मूळ, म्हणजे ती तालुक्यांच्या हद्दीची रेष, यांच्या घरातून गेलेली. तशी ती सगळ्याच गावातून गेलेली. वरची आळी एका तालुक्यात, खालची दुसऱ्या. शाळा वर, पाण्याची टाकी खाली. पण रेषेनं बाकी कुणाच्या घरात पाय ठेवला नव्हता. तो मान या एकाच घराला, आणि तोही मागून घेतलेला.

घडलं होतं असं. तालुके पाडायचं काम चालू असताना मोजणीदार उन्हातान्हातून हिंडत गिरणीपाशी आला आणि अंगणातल्या दगडावर टेकला. बाबांनी, म्हणजे या दोघींच्या सासऱ्यांनी, त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "तुमचं घर बरोब्बर मध्ये येतंय. कुठल्या तालुक्यात टाकू?" बाबा गावभर चेष्टेसाठी ठाऊक. ते म्हणाले, "मुलगे दोन आहेत. दोघांना एकेक तालुका देऊन टाका, म्हणजे मागाहून वाटणीवरनं भांडायला नकोत." आणि खो खो हसले. मोजणीदार हसला नाही. त्यानं लिहून घेतलं.

त्या दिवसापासून गिरणी एका तालुक्यात आणि लागून असलेलं वेल्डिंगचं शेड दुसऱ्या. बाबा ज्या दगडावर बसून हसले, तो हद्दीचा दगड झाला. आणि सरकारी माणसासमोर चेष्टा करू नये, हे या घराण्यात पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवलं जाऊ लागलं.

आता नवी आखणी निघाली होती. कागदावर म्हटलं होतं की हे गाव नावालाच एक आहे. दोन आळ्या कधीच्याच वेगळ्या झाल्यात, इतक्या की ज्या घरातून हद्द जाते त्या घरातले भाऊसुद्धा भिंत घालून राहतात. तेव्हा कायमची दोन गावं करावीत. वरची आळी ज्या तालुक्यात तिथलीच, खालची तिच्या तालुक्यातली. नावं वेगळी, कारभार वेगळा, शाळेचा दाखला आणि नळाचं पाणीसुद्धा वेगळं. गावानं हरकत घेतली होती. हरकत ऐकायला आज सरकारी अधिकारी मॅडम येणार होत्या, आणि मॅडम काय विचारणार हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

दोघं भाऊ काय उत्तर देणार, हेही माहीत होतं. म्हणून तर गावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

*

आत्या सकाळच्या पहिल्या गाडीनं आली. दोघा भावांची थोरली बहीण. दोघंही तिला अक्का म्हणत. आली की ती कुणाच्याच घरात जायची नाही. हद्दीच्या दगडावर बूड टेकायची, आणि एक चहा इकडून, एक तिकडून घ्यायची. "माझं माहेर दोन तालुक्यांत आहे," म्हणायची, "मला दोन्हीकडं मतदान करू द्या."

आज मात्र ती उठली आणि सरळ गिरणीत गेली. थोरला टोपल्यात गहू ओतत होता. भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर पीठ.

"म्हातारा दिसतोस," आत्या म्हणाली.

"पीठ आहे."

"पीठ पुसलं तरी दिसतोस. मॅडम विचारतील, एक घर का दोन? काय सांगणार आहेस?"

"दोन."

"गाव तुटेल."

"माझ्यामुळं तुटतंय होय गाव? नकाशामुळं तुटतंय."

"नकाशा कागदाचा असतो. तू हाडामांसाचा आहेस, म्हणून तुला विचारतेय."

थोरल्यानं हातानं दाणे सारखे केले. "अक्का, मी खोटं बोलणार नाही. चूल वेगळी. दार वेगळं. नऊ वर्षांत एक शब्द बोललो नाही आम्ही. याला एक घर म्हणायचं, तर मग बाजारातल्या दोन शेजारच्या दुकानांनाही म्हण."

"आणि ती वायर?"

"कसली वायर?"

आत्यानं वायरीकडे पाहिलं. वायर तिच्या नाकासमोरून भिंतीत गेली होती, मनगटाएवढी जाड.

तर त्या वायरीचं असं होतं. दोन तालुक्यांची वीज दोन वेळांना जायची. गिरणीची सकाळी, शेडची दुपारनंतर. गिरणी मध्येच थांबली की दगडात दाणे अडकतात आणि सगळी उघडून साफ करण्यात निम्मा दिवस जातो. म्हणून वीज गेली रे गेली की थोरला भिंतीवरचा खटका उलटा पाडायचा आणि भिंतीवर पाना ठोकायचा, ठक्, ठक्‌ठक्. पलीकडे धाकटी प्लग खोचायची. शेडची वीज गिरणीत यायची. दुपारनंतर उलटं. तिकडून ठकठक, आणि इकडं प्लग थोरलीच्या हातात. यात कुणी कुणाशी बोलत नसे. ठोकणं हे काही बोलणं नव्हे. आणि हे सगळं नियमात बसत नव्हतं, म्हणून गावातला शेंबडा पोरही वायर हा शब्द तोंडून काढत नसे.

"बरं, वायर नाही," आत्या म्हणाली. "मग तुझ्या तोंडून एक वाक्य निघालं होतं ना, दवाखान्याच्या पायरीवर..."

"अक्का."

आत्या थांबली. तीही तिथंच थांबायची, दरवेळी. त्या वाक्यापाशी आलं की घरातलं प्रत्येक माणूस चप्पल शोधायला लागायचं.

ती निघून गेल्यावर थोरला गिरणीच्या आवाजात एकटा राहिला. त्याला हा आवाज आवडायचा. त्यात स्वतःचं मन ऐकू येत नाही. आज आलं. नऊ वर्षांपूर्वी बाबांची खाट मधल्या खोलीत होती, बरोब्बर रेषेवर. रात्रभर छाती भरून आलेली. पहाटे त्यानं आपल्या तालुक्याच्या दवाखान्याची गाडी बोलावली, धाकट्यानं आपल्या. दोन्ही आल्या. पेशंट कुणाच्या हद्दीत यावरून दोघं ड्रायव्हर अंगणात हुज्जत घालायला लागले. बाबांनी खाटेवरूनच हात हलवला. "भांडू नका रे. अर्धा अर्धा न्या." भाऊ हसले होते. त्या वेळेसही हसले होते, दोघं एकदम. मग धाकट्याची गाडी रस्त्याकडं तोंड करून होती म्हणून तिच्यातून नेलं. बाबा परत आले नाहीत. आणि पायरीवर बसलेल्या धाकट्याला तो म्हणाला होता, "माझ्या गाडीनं नेलं असतं तर वाचले असते."

बस, एवढंच. दिवसकार्य उरकल्यावर धाकट्यानं मधल्या खोलीत भिंत घालायला घेतली. वेल्डिंग करणारा माणूस, भिंत वाकडीच झाली. विटा थोरल्यानं आणून दिल्या. वेगळं व्हायचं कामसुद्धा दोघांनी मिळूनच केलं.

ते वाक्य तोंडातून पडलं त्याच क्षणी थोरल्याला कळलं होतं की ते खरं नाही. पण पीठ एकदा झालं की पुन्हा त्याचे गहू कुठले होतात?

*

मॅडम दुपार व्हायच्या आत आल्या. ठेंगण्या, धुळीनं पांढरे झालेले बूट, खांद्याला स्वतःची पाण्याची बाटली. त्यांना पाहून ठिणगीला बरं वाटलं. ठिणगी म्हणजे धाकट्याची मुलगी. शेडमध्ये ठिणग्या उडत असताना जन्मली आणि तेव्हापासून विझलेली नाही, असं आत्या म्हणते. वरच्या आळीतल्या शाळेत ती शिकवते. शाळेत जाताना रोज गिरणीवरून जावं लागतं. रोज थोरली दारात तांदूळ निवडत असते, वर न बघता विचारते, "डबा घेतला का ग?" आणि ही "हो मोठी आई" म्हणते. थोरलीला मूल नाही. भिंत होईपर्यंत ठिणगी तिच्याच कुशीत झोपायची.

टेबल दगडाच्या शेजारी टाकलं होतं, निम्मं या तालुक्यात, निम्मं त्या. वरची आळी एका अंगाला दाटली होती, खालची दुसऱ्या. गावचा पुढारी उठला. त्याला सगळे भोंगा म्हणत. त्याला स्पीकरची गरज पडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"माननीय मॅडम! ज्या गावाच्या मातीला..."

"भाषण नको," मॅडम म्हणाल्या. "सकाळपासून तीन गावांच्या मातीबद्दल ऐकलंय. मुद्दा सांगा."

भाषणाला मुद्दा असतो हे भोंग्याला माहीत नव्हतं. तो खाली बसला. मग ठिणगी उठली.

"मॅडम, गाव वेगळं झालं तर खालच्या आळीतली पोरं परगावच्या शाळेत जातील, आणि ती शाळा त्यांच्या घरापासून दगड मारला तर लागेल इतकी जवळ असेल. वरच्या आळीतल्या बायका परगावचं पाणी भरतील, आणि टाकी त्यांना ओट्यावरून दिसत असेल."

"हे हरकतीत वाचलं. पुढं?"

"पुढं असं, की मी पोरांना आपल्या गावाचा नकाशा काढायला सांगितला. शाळा काढली, टाकी काढली, गिरणी काढली. एकानं भोंगाकाकाही काढले, तोंड उघडलेले." हशा झाला. "पण रेष एकानंही काढली नाही. मी विचारलं, रेष कुठं आहे? तर म्हणाली, कसली रेष, बाई?"

गावानं टाळ्या पिटल्या. गिरणीच्या दारातून थोरली हसू दाबत बघत होती, आणि शेडच्या दारातून धाकटी. दोघींनी एकाच वेळी पदरानं नाक पुसलं.

मॅडमही हसल्या, पण पेन खाली ठेवून. "छान सांगितलंस. पण मुलं रेष काढत नाहीत, बाळ. मोठी माणसं काढतात. आता मोठ्या माणसांना विचारते. गिरणीवाले कोण?"

थोरला दारात आला. आत गिरणी चालूच होती. सुनावणी असो नाहीतर आणखी काही, लोकांच्या घरी पीठ लागतं, म्हणून त्यानं ती बंद करायला साफ नकार दिला होता.

"तुमचं आणि शेजारच्या शेडवाल्यांचं घर एक का दोन?"

"दोन."

वरच्या आळीत कुणीतरी कपाळावर हात मारला, त्याचा आवाज झाला.

"तुम्ही?" मॅडम धाकट्याकडं वळल्या. धाकट्याच्या डोक्यावर वेल्डिंगचा मुखवटा वर सारलेला.

"ते म्हणतात तसंच."

"दोन्ही घरांचा एकमेकांशी काही संबंध? येणं-जाणं, देणं-घेणं?"

"काही नाही," थोरला म्हणाला.

"काही नाही," धाकटा म्हणाला.

"एकाच सुरात म्हणताय," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी पेन उचललं. ठिणगीला वाटलं, पळत जाऊन ते पेन हिसकावून घ्यावं. तिनं बापाकडं पाहिलं. बाप आपल्या बुटांकडं पाहत होता. तिनं मोठ्या बाबांकडं पाहिलं. तेही बुटांकडं, स्वतःच्या. माना सारख्या झुकलेल्या, खांदा सारखा उजवीकडं पडलेला. काय हट्टी जात आहे ही! आणि आपणही त्यातलेच, हे आठवून तिला आणखीच राग आला.

तेवढ्यात वीज गेली.

टेबलावरचा पंखा गरगरत मंदावला. गिरणीचा सूर खाली आला. थोरला विचार करायला थांबला नाही. विचार करण्याची ती गोष्टच नव्हती, खोकला आला की तोंडावर हात जातो तसं ते होतं. तो आत वळला, खटका पाडला, पाना उचलला.

ठक्. ठक्‌ठक्.

शेडच्या दारातली धाकटी हातातला कप तिथंच ठेवून आत धावली. आणि बुडत चाललेली गिरणी एकदम हुंकार देऊन पुन्हा घरघरायला लागली.

अंगणात टाचणी पडली असती तरी ऐकू आली नसती, कारण गिरणी चालू होती. पण माणूस एकही हलत नव्हतं. अख्खं गाव आभाळाकडं बघायला लागलं. भोंग्यानं तर बोट दाखवून कुणाला तरी एक पक्षीही दाखवला.

मॅडमनी बंद पंख्याकडं पाहिलं. मग चालू गिरणीकडं. मग पुन्हा पंख्याकडं.

"वीज गेली ना?"

भोंग्याचं बोट अजून पक्ष्याकडंच होतं.

"माझा पंखा बंद पडला. गिरणी कशावर चालतेय? गावाच्या एकीवर?"

त्या उठल्या. गिरणीत गेल्या. वायर दिसायला वेळ लागला नाही. वायरीमागं भिंतीपर्यंत गेल्या, भोकाला डोळा लावला. पलीकडून धाकटीचा डोळा दिसला. मग त्या बाहेर पडल्या, अख्ख्या घराला वळसा घालून शेडमध्ये गेल्या, कारण दुसरी वाटच नव्हती. त्यांच्यामागं ठिणगी, तिच्यामागं आत्या, तिच्यामागं निम्मं गाव. धाकटी प्लगवर हात ठेवून उभी होती, चोरी पकडल्यासारखी.

"ही वायर कुणाची?"

धाकटीनं तोंड उघडलं, पण त्याआधीच भोकातून आवाज आला. "आमची आहे हो मॅडम! तिला काही बोलू नका!"

"तुम्ही कोण?"

"मी थोरली. तिचा काही दोष नाही. मी सांगितल्याशिवाय ती प्लगला हात लावत नाही!"

"जाऊबाई, गप्प बसा," धाकटी भोकात ओरडली. "खोटं का बोलता? मॅडम, मी लावते. रोज लावते. मला कुणी सांगावं लागत नाही."

मांजर नाही, किटली नाही. थेट. ठिणगीनं आत्याचा दंड धरला.

"भोक कुणी पाडलं?" मॅडमनी विचारलं.

"मी," धाकटा मागून म्हणाला. त्यानं मुखवटा काढून हातात घेतला होता. "वायरही मीच टाकली. काय गुन्हा असेल तो माझ्यावर लिहा. त्यांना, गिरणीवाल्यांना, यातलं काही ठाऊक नाही."

"खोटं आहे!" थोरला गर्दीतून आत घुसला, पळत आला होता, पीठ उडत होतं. "भोक माझ्या बाजूनं पडलंय. बघा, विटेचा चुरा कुठल्या अंगाला होता ते विचारा कुणालाही. मी पाडलं. दंड काय, तुरुंग काय, मला द्या. त्याला पोरगी आहे."

"आणि तुमची गिरणी कोण चालवणार, मी?" धाकटा म्हणाला. मॅडमना नाही. थोरल्याला.

बोलून झाल्यावर ते त्याच्या ध्यानात आलं. थोरल्याच्याही आलं. दोघंही भिंतीकडं बघायला लागले.

"भांडा, भांडा," आत्या डोळे पुसत म्हणाली. "निदान शिक्षेची वाटणी करताना तरी भांडा. बाबांची तेवढीच वाटणी करायची राहून गेली होती."

हशाची लाट शेडमधून अंगणात गेली. मॅडम हसल्या नाहीत. त्या भोकाकडं पाहत होत्या. मग म्हणाल्या, "वायरीचं बघायला वीजवाले आहेत, मी त्यातली नाही. मी घर मोजायला आलेय. दोन घरं असती, तर बोट शेजाऱ्याकडं गेलं असतं. इथं ज्याला त्याला बोट स्वतःकडंच ओढायचंय." त्यांनी कागद भिंतीवरच टेकवला, त्या वाकड्या भिंतीवर, आणि उभ्याउभ्या लिहायला लागल्या. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होत्या, म्हणून गर्दी श्वास रोखून होती. "प्रत्यक्ष पाहणी केली. घर एक आहे. सबब गावही एक आहे. हद्द गावाबाहेरून न्यावी." त्यांनी मान वर केली. "कुठल्या तालुक्यात जायचंय?"

वरची आळी म्हणाली वरच्या. खालची म्हणाली खालच्या. आता गाव फुटतंय का काय, असं वाटत असतानाच आत्या पुढं आली.

"कुठल्याही घाला बाई. पण अख्खं घाला."

मॅडमनी तो शब्द तसाच लिहिला. *अख्खं.* "ते वर ठरेल. पण तुकडा पडणार नाही, एवढं मी सांगते. माझी पाहणी आजवर कुणी फिरवलेली नाही."

मग जो आवाज उठला त्याच्यापुढं गिरणी मुकी झाली. भोंग्याला अखेर भाषणाची संधी मिळाली आणि ते कुणालाच ऐकू गेलं नाही. पण त्यानं ते पूर्ण केलं. शाळेतली पोरं दगडावर चढून उड्या मारायला लागली. खालच्या आळीतला न्हावी वरच्या आळीतल्या शिंप्याच्या गळ्यात पडला. या दोघांचं कशावरून बिनसलं होतं ते दोघांनाही आठवत नव्हतं. मॅडमनी कान तुटलेल्या कपातून चहा घेतला. चांगले कप गर्दीनं केव्हाच पळवले होते.

*

मॅडमची गाडी गेली. गाव आळीआळीनं आपल्या वाटेला लागलं. म्हणजे लागायला हवं होतं, पण आज वरचे खाली आणि खालचे वर असे रेंगाळत होते. टेबल उचलायला थोरली आली, तर दुसऱ्या बाजूनं धाकटीनं आधीच धरलेलं.

"सोड, जड आहे," थोरली म्हणाली.

"म्हणून तर धरलंय."

दोघींनी टेबल उचललं. आणि मग कुठं ठेवायचं, हे दोघींना सुचेना. कारण गिरणीकडं न्यायचं तर धाकटीला उंबरा ओलांडावा लागणार होता. थोरलीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. जवळून. भोकातून डोळा दिसायचा, डोळ्याखालच्या सुरकुत्या नव्हत्या दिसत.

"चल की," ती म्हणाली. "का आता मांजराकडून निरोप धाडू?"

आत, मधल्या खोलीत, थोरला गिरणी बंद करून वायर ओढून काढत होता. गाव एका तालुक्यात गेलं की वीज एकाच वेळी येणार, एकाच वेळी जाणार. या वायरीचं काम संपलं. वायर भोकातून सुर्र सुर्र येत होती. थोडी आली, मग अडकली. त्यानं ओढली. पलीकडून कुणीतरी ढिली सोडली. मग सगळी आली, आणि भोक रिकामं झालं. त्यातून शेडमधला उजेड त्याच्या हातावर पडला.

"बुजवायचं का?" भोकातून धाकट्याचा आवाज आला. हलका. विचारावं की नाही अशा बेतानं.

थोरला वायरीचं वेटोळं करत राहिला. दारात थोरली उभी होती, तिच्यामागं धाकटी, टेबलाचं टोक अजून हातातच. ठिणगी आली. आत्या आली, आणि आज ती दगडावर न बसता घरात आली होती, याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

"मी काय म्हणते," थोरली म्हणाली, "भोक बुजवायला माल कालवायचा, लिंपायचं, वाळायची वाट बघायची. त्यापेक्षा दार पाडणं सोपं."

थोरल्यानं पाना खाली ठेवला आणि कोपऱ्यातला हातोडा घेतला. पहिला घाव घातला. भिंत वाकडी होती, पण पक्की होती. वीट हलली नाही. त्यानं दुसरा घातला. तेवढ्यात पलीकडूनही घाव बसला, त्याच विटेवर. मग घाव आपोआप लागोपाठ पडायला लागले, एक इकडून, एक तिकडून, दोघांना कुणी ताल शिकवल्यासारखे. ठक्. ठक्‌ठक्. वीट सुटली. दुसरी सुटली. धुळीचा लोट उठला, पिठात मिसळला, आणि खोलीत कोण कुठल्या तालुक्याचं ते कळेनासं झालं.

धूळ बसली तेव्हा भोक खांद्याएवढं झालं होतं. पलीकडं धाकटा उभा होता. डोक्यावर चुना, पापण्यांवर चुना. दोघंही एकसारखे पांढरे. दोघंही एकसारखे म्हातारे. कोण कुणाकडं बघतंय, तेच कळेना.

"बाबांसारखा दिसतोयस," थोरला म्हणाला.

धाकटा हसला नाही. त्यानं हातोडा खाली केला. नऊ वर्षं तो ज्याची वाट बघत होता आणि ज्याला भीतही होता, ते आता त्या भगदाडापाशी येऊन थांबलं होतं, हे त्यालाही कळत होतं. आत्यानं नजर चपलेकडं नेली. धाकटीनं टेबलाकडं. दारातल्या प्रत्येकाला अचानक काहीतरी काम आठवलं, आणि जागचं मात्र कुणीच हललं नाही.

थोरल्यानं एक वीट दोन्ही हातांनी उचलली, बाजूला नीट ठेवली, जणू ती फुटेल. मग विटेकडंच बघत तो बोलला. गिरणी बंद होती, त्यामुळं सगळ्यांना ऐकू आलं.

"माझ्या गाडीनं नेलं असतं तरी वाचले नसते रे ते."